गेनिचिरोची वही: जवळच्या लढाईच्या प्रकल्प नोंदी

७ जून २०२५, शनिवार

भाच्याने हॉस्टेल बदललं आणि त्याचा जुना पीएस-फोर हा गेम कन्सोल माझ्याकडे आणून टाकला. जाताना म्हणाला, "मामा, यातलं बाकी काहीही खेळ, सेकिरो तेवढा सोडून दे. तुझ्याने नाही व्हायचं." म्हणून ही वही.

खेळाचं पूर्ण नाव 'सेकिरो: शॅडोज डाय ट्वाइस'. जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअरने बनवलेला, दिग्दर्शक हिदेताका मियाझाकी, मार्च २०१९ मध्ये आला आणि त्याच वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये 'गेम ऑफ द इयर' ठरला. काळ जपानमधल्या सेनगोकु युगाचा शेवट, प्रदेश अशिना नावाचा, काल्पनिक. आपण एक शिनोबी, म्हणजे निन्जा. सोपं-मध्यम-अवघड असा पर्यायच दिलेला नाही, म्हणजे हार मानून पातळी खाली आणायची सोय नाही.

प्रकल्पाचं ध्येय एकच: अशिना किल्ल्याच्या माथ्यावर उभा असलेला गेनिचिरो नावाचा योद्धा. तिथपर्यंत पोचायचं आणि त्याला तलवारीने हरवायचं. नियम माझे मीच केले. होता होईतो तलवारच, कृत्रिम हातातली हत्यारं अगदी अडलं तरच. मागून जाऊन गुपचूप मारणं सरदारांच्या बाबतीत बंद, कारण तसं केलं की त्यांचा एक लाल ठिपका, म्हणजे एक जीव, फुकट जातो आणि शिकायचं राहतं. रोज किती वेळा मेलो ते लिहायचं, आणि जमलं तर का मेलो तेही.

वय चाळीस. बोटं भाच्यासारखी चालत नाहीत हे मान्य करूनच सुरुवात.

८ जून, रविवार

मृत्यू: १९.

पहिल्या तासाभरात मला खात्री होती की मी बटण वेळेवर दाबतोय, तरी वार लागतोय. फोन केला. भाच्याचा पहिला प्रश्न: "टीव्हीचा गेम मोड चालू आहे का?" नव्हता. टीव्ही चित्र गुळगुळीत करायच्या नादात प्रत्येक फ्रेम जरा उशिरा दाखवतो. मालिका बघताना कुणाला कळणार? इथे तलवार मानेपर्यंत आलेली असते आणि पडद्यावर ती अजून हवेत दिसते. मोड चालू केला आणि निम्मी तक्रार मिटली. उरलेली निम्मी माझी.

सुरुवातीलाच गवताच्या माळावर गेनिचिरो भेटतो आणि आपला डावा हात तोडतो. मी दहा सेकंदांत हरलो आणि ओशाळलो. मग कळलं की तिथे जिंकलं तरी कथा हात तोडूनच पुढे जाते. बरं वाटलं.

आता मुख्य गोष्ट. मी याआधी याच कंपनीचा डार्क सोल्स थोडा खेळलो होतो. तिथे ढाल, कोलांटी आणि दमाची हिरवी पट्टी यांचा हिशेब असतो. चार वार केले की दम संपतो, मग मागे सरायचं. सेकिरोत दमाची पट्टीच नाही. हवं तेवढं पळा, हवे तेवढे वार करा. त्याऐवजी पोश्चर नावाची पट्टी आहे, आपलीही आणि समोरच्याचीही. मी तिला तोल म्हणतो. वार अडवला की अडवणाऱ्याचा तोल ढळत जातो. पट्टी भरली की माणूस उघडा पडतो, छातीवर लाल ठिपका दिसतो, तिथे एक घाव आणि खेळ खलास. म्हणजे रक्ताची पट्टी पूर्ण रिकामी न करताही मारता येतं. रक्त काढण्यापेक्षा तोल घालवणं हाच इथला मुख्य मार्ग आहे, आणि तोल घालवायला समोरच्याजवळ उभं राहावं लागतं. मी दिवसभर लांब पळत होतो. लांब गेलो की त्याचा तोल सावरतो, माझ्या आधीच्या सगळ्या मेहनतीवर पाणी.

१० जून, मंगळवार

पडक्या देवळाबाहेर हानबेई म्हणून एक माणूस आहे. त्याला मरण नाही. कितीही वेळा मारा, उठून बसतो आणि पुन्हा शिकवायला तयार. मी त्याच्यापाशी दीड तास होतो. खेळातला सगळ्यात सोशिक शिक्षक आणि सगळ्यात दुर्लक्षित. भाचा म्हणतो त्याने हानबेईशी फक्त एकदा बोलून घेतलं होतं.

आज नुसतं डिफ्लेक्ट. एल-वन हे कंट्रोलरवरचं बचावाचं बटण दाबून धरलं तर तो साधा बचाव. वार लागायच्या क्षणी दाबलं तर डिफ्लेक्ट. बचावात तोल माझा जास्त जातो; डिफ्लेक्टमध्ये त्याचा जातो. दोन्हींचा आवाज वेगळा आहे. साध्या बचावाला बद्द आवाज येतो, ठिणगीही फिकी. डिफ्लेक्टला खणखणीत आवाज, मोठी ठिणगी. अर्ध्या तासानंतर मी डोळ्यांपेक्षा कानांनी ओळखायला लागलो की जमलं की नाही.

दोन शोध लागले, दोन्ही वहीत ठळक.

पहिला: घाबरून एल-वन टकटक-टकटक दाबत सुटलं तर खेळ ते ओळखतो आणि डिफ्लेक्टचा अवकाश आखूड करतो. जितकं पटापट दाबाल तितकं जमणं अवघड. म्हणजे एका वाराला एकदाच.

दुसरा: दाबून लगेच सोडायचं नाही, पुढच्या वारापर्यंत धरून ठेवायचं. दाबल्याचा पहिला क्षण डिफ्लेक्टचा, त्यापुढे तेच बटण साधा बचाव होतं. त्यामुळे घाईत थोडं आधी दाबलं गेलं तरी वार अंगावर येत नाही, फक्त तोल जरा जास्त जातो. उशीर झाला तर मात्र लागतो. म्हणून शंका आली की आधी दाबावं, उशिरा नाही.

आणखी एक, हे मला फार उशिरा कळलं: तोल सावरायचा असेल तर मोकळं उभं राहण्यापेक्षा एल-वन धरून उभं राहावं. तोल झपाट्याने सावरतो. मी इतके दिवस दमल्यावर हात खाली सोडून उभा राहत होतो, खऱ्या आयुष्यासारखा.

१३ जून, शुक्रवार

मृत्यू: ११, सगळे कावारादाच्या हातून. नाओमोरी कावारादा, वाटेवरचा पहिला खरा सरदार, छातीला चिलखत, हातात लांब तलवार. बाराव्या वेळी गेला.

त्याचा एक वार डोक्यावरून येतो आणि थोडा थबकतो. मी दर वेळी त्या थबकण्याच्या आधी दाबायचो. तलवार वर जाते तेव्हा भीती वाटते, ती खाली येते तेव्हा लागते. मधल्या जागेत गप्प उभं राहायचं हे बोटांना पटत नाही.

१५ जून, रविवार

साखळदंडाने बांधलेला राक्षस. इथे मी माझा नियम मोडला, आणि त्याची लाज वाटत नाही. तो पकडतो. पकडीला डिफ्लेक्ट नाही, बचाव नाही, बाजूला व्हायचं किंवा पळायचं एवढंच. आणि त्याचे हात दिसतात त्यापेक्षा लांब पोचतात. आधी हिराता वाड्यातून अग्निनळी आणली, कृत्रिम हाताला लावून घेतली, ज्वाळा सोडली की राक्षस दचकून मागे सरतो. तेवढ्यात चार-पाच वार. तलवारबाजीबद्दल यातून काही शिकलो नाही. पुढे.

१८ जून, बुधवार

आज कन्सोल चालूही केला नाही, तरी सगळ्यात मोठी नोंद आजचीच.

नदीपात्रात पथकाचा सराव सुरू झाला. मी गेली नऊ वर्षं ढोल वाजवतो. यंदा एक नवा मुलगा माझ्या शेजारी उभा होता, टिपरू मारताना नजर हातावर. मी त्याला सांगत होतो, "हाताकडे बघू नकोस, ताशा ऐक. ताशाची तर्री उठली की हात आपोआप पडेल. बघून मारशील तर दर वेळी अर्धा ठोका मागे राहशील."

बोलता बोलता मीच थांबलो. कावारादापुढे मी नेमकं हेच करत होतो. तलवार बघायची, मग दाबायचं. बघून दाबणारा मागेच राहणार, वयाने तर आणखीच.

घरी येऊन कावारादाचे वार वहीत बोलांत लिहिले. ढण, ढण, थांबा, ढण. डोक्यावरून येणारा वार म्हणजे ठोक्याआधी सोडलेली रिकामी जागा, बाकी काही नाही. पथकात अशा रिकाम्या जागेत कुणी टिपरू मारलं तर सगळे वळून बघतात.

२० जून, शुक्रवार

पालख्या पुण्यात. आम्ही नाना पेठेत राहतो, तुकोबांची पालखी इथल्याच निवडुंग्या विठोबाला, त्यामुळे घरात अकरा वारकरी मुक्कामी. टीव्हीसमोर सतरंज्या. दोन दिवस सुट्टी.

एक आजोबा वही चाळून म्हणाले, "मृदंग शिकताय का?" मी हो म्हणालो.

२२ जून, रविवार

पालख्या पुढे गेल्या. दुपारी ग्योबु ओनिवा. घोड्यावरचा धिप्पाड सरदार, लांब भाला, मैदानात येतानाच स्वतःचं नाव गर्जून सांगतो. लोक याला घाबरतात कारण तो सतत लांब दौडत जातो आणि वळून अंगावर येतो. तो लांब गेला की त्याच्यावर दोरीचा आकडा टाकायची खूण दिसते; आकडा टाकून थेट त्याच्या अंगावर झेप घ्यायची. मग त्याचे वार एका लयीत पडतात, मोठे, जड, ठरलेल्या अंतराने. मला तो सोपा गेला. फटाके वापरले असते तर घोडा बिचकतो, आणखी सोपं झालं असतं. नाही वापरले.

मृत्यू: ४. भाच्याला फोटो पाठवला. उत्तर आलं: "ग्योबुला सगळेच हरवतात."

२३ जून, सोमवार

लाल अक्षराची नोंद, आधीच करायला हवी होती.

धोकादायक वार येतो तेव्हा डोक्यावर लाल कांजी, म्हणजे जपानी लिपीतलं अक्षर चमकतं आणि ठसका बसावा तसा आवाज होतो. साधा बचाव इथे चालत नाही. गंमत अशी की अक्षर एकच, वार तीन. भोसकणं, पायाखालून आडवा फिरवणं आणि पकड. तिघांवर तीन वेगळे उपाय, आणि अक्षर सांगत नाही कुठला.

भोसकण्यावर मिकिरी. सुरुवातीच्याच कौशल्यांत मिळतं, हातात कौशल्यगुण आले की आधी हेच घ्यावं, दुसरं काही नाही. भोसकायला येणाऱ्या तलवारीच्या दिशेने पाऊल टाकायचं, म्हणजे बाजूला सरकायचं बटण दाबायचं पण कंट्रोलरची काठी मागे ओढायची नाही. आपण त्याच्या पात्यावर पाय ठेवून ते जमिनीत दाबतो. त्याचा तोल एकदम मोठा जातो. अडचण फक्त एक: अंगावर टोक येत असताना पुढे व्हायचं. हानबेईपाशी वीस वेळा केलं तेव्हा पाय ऐकायला लागले.

आडव्या वारावर उडी, आणि हवेत असताना उडीचं बटण पुन्हा दाबलं की त्याच्या डोक्यावर लाथ. माझी चूक अशी की उडी मारताना मागे उडायचो, मग लाथ पोचत नाही. जागच्या जागी किंवा पुढे.

पकडीवर काही करू नका, पळा.

मग ओळखायचं कसं? अक्षराकडे बघायचंच नाही. ते दिसलं की नजर त्याच्या हाताकडे. कोपर मागे गेलं की भोसकणार. पातं खाली आणि आडवं झालं की पायावर येणार. दोन्ही हात रिकामे पुढे आले की पळा.

२५ जून, बुधवार

हिराता वाड्याच्या तळघरात लेडी बटरफ्लाय. म्हातारी आहे, हातात कुनाई म्हणजे फेकायचे छोटे सुरे, दोरीवर उभी राहते, खाली येते तेव्हा नाचल्यासारखी. इथे मला या खेळातली सगळ्यात उपयोगी गोष्ट सापडली, ती सविस्तर लिहितो.

मी वार करत होतो, ती अडवत होती, मी आणखी वार करत होतो, आणि मग अचानक तिचा वार माझ्या तोंडावर. दर वेळी असंच. मला वाटायचं ती यादृच्छिक उलटते. आवाज मोठा करून ऐकल्यावर कळलं. मी मारलेला वार ती साधा अडवते तेव्हा बद्द आवाज. मग एका वाराला ती स्वतः डिफ्लेक्ट करते, तेव्हा खणखणीत आवाज आणि मोठी ठिणगी, अगदी माझ्या डिफ्लेक्टसारखी. त्या आवाजानंतर पाळी तिची. आता आर-वन, म्हणजे वाराचं बटण, सोडायचं, एल-वनवर बोट न्यायचं. तिची फेरी संपली की पुन्हा माझी.

सवाल-जवाब आहे हा. ताशा सवाल टाकतो, ढोल उत्तर देतो, आणि उत्तर संपायच्या आत ताशा मध्ये घुसला तर दोघांचंही बिघडतं. मी इतके दिवस तिच्या जवाबात माझा सवाल घुसवत होतो.

हे कळल्यावर 'संधी बघून वार करा' या सल्ल्याचा मला राग यायला लागला. सगळीकडे हाच सल्ला असतो. डार्क सोल्समध्ये तो बरोबर आहे. वार संपेपर्यंत लांब राहा, मग दोन मारा. इथे संधी बघत बसलात तर म्हातारी दोरीवर चढून तोल सावरून घेते. इथे संधी आपण वार करूनच तयार करायची असते. तिने अडवलं तरी चालेल, अडवल्यानेही तिचा तोल जातो.

दुसऱ्या टप्प्यात ती आभासी माणसं उभी करते. त्यांच्याशी लढत बसू नये, ती आपोआप विरतात, तोवर खांबांभोवती पळत राहावं. विरताना त्यांची फुलपाखरं होऊन अंगावर येतात, तेवढी चुकवावी.

मृत्यू: २३. चोविसाव्याला म्हातारी गेली. रात्री दीड.

२८ जून, शनिवार

वाईट दिवस. मृत्यू: ३१, आणि तेही किल्ल्यातल्या फुटकळ पहारेकऱ्यांच्या हातून. ऑफिसमधला राग घेऊन बसलो होतो. घाई, घाई, सगळीकडे घाई.

मेलं की बहुतेक वेळा जवळची निम्मी नाणी जातात आणि पुढच्या कौशल्यगुणासाठी जमवलेला निम्मा अनुभवही. पूर्ण झालेला गुण मात्र जात नाही. म्हणून मोठ्या लढाईआधी नाण्यांच्या थैल्या विकत घेऊन ठेवाव्यात. थोडा तोटा होतो, पण थैलीतली नाणी मेल्यावर जात नाहीत. बँकेत काम करूनही हे मला तीन आठवड्यांनी सुचलं.

बायको म्हणाली, "तुम्ही त्या बाहुलीला मारताय की ती तुम्हाला?" कंट्रोलर ठेवून दिला.

१ जुलै, मंगळवार

किल्ल्याचा माथा. गेनिचिरो.

पहिले दहा प्रयत्न नुसते बघायला दिले. वार करायचाच नाही, फक्त अडवायचं आणि मेल्यावर लिहायचं. हे पान वहीतलं सगळ्यात घाणेरडं पान आहे, तीन रंगांची शाई, बाण, फुल्या.

लांब राहिलं की तो धनुष्य काढतो. लांब जाऊन औषधाचा भोपळा तोंडाला लावला की बाण आलाच. तेव्हा औषध प्यायचं तर त्याचा मोठा वार संपल्यावर, जवळ उभं राहूनच. पळत जाऊन नाही.

उडी मारून वरून वार करतो, त्यापुढे बहुतेक वेळा लाल अक्षर. वरचा वार डिफ्लेक्ट करायचा आणि मग भोसकणं की आडवा, हे कोपरावरून ठरवायचं. इथे सोमवारची नोंद कामाला आली.

आणि तो सलग सात-आठ वारांचा झपाटा, ज्यात मी दहापैकी नऊ वेळा मेलो. सुरुवातीचे वार जोडीने येतात, मग वेग वाढतो, आणि शेवटचे मुद्दाम लांबवलेले. माझ्या वहीत: ढण-ढण, ढण-ढण, ढणढणढण, थांबा, ढण. बोलून बघितलं तर आपल्या पथकाच्या एका हातासारखंच वाटतं, फक्त शेवट तिरका.

३ जुलै, गुरुवार

मृत्यू: १४. पहिला लाल ठिपका गेला.

यातली गोम अशी. तोल किती लवकर सावरतो ते रक्तावर ठरतं. रक्ताची पट्टी भरलेली असेल तर शत्रूचा तोल पटकन सावरतो. निम्मं रक्त गेलं की हळू. अगदी थोडं उरलं की जवळजवळ सावरतच नाही. मी आठ जूनला मोठ्या तोऱ्यात लिहून ठेवलंय की रक्तापेक्षा तोल महत्त्वाचा. ते अर्धंच खरं निघालं. सुरुवातीला रक्त काढायलाच हवं, थोडंथोडं, प्रत्येक जवाबानंतर एखादा वार. मग मागाहून तोल आपसूक भरतो. आधी फक्त डिफ्लेक्टवर भर देऊन मी त्याची पट्टी तीन-चारदा पाऊणपर्यंत नेली आणि एकदा धडपडून लांब गेलो की ती परत शून्यावर.

आणि स्वतःच्या तोलाबद्दल: पट्टी काठोकाठ भरलेली असली तरी नेमक्या क्षणी केलेल्या डिफ्लेक्टने ती फुटत नाही. फुटते साध्या बचावाने. म्हणजे पट्टी भरली की मागे पळायची भीती अनाठायी, उलट तेव्हाच ठेक्यात राहायचं.

६ जुलै, रविवार

आषाढी. साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, आणि भाचा जेवायला. उपास त्याचा नाही, खिचडी मात्र दोन ताटल्या.

त्याने मला खेळताना पहिल्यांदा पाहिलं. बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "मामा, तू तोंडाने काय बडबडतोयस?" मी ढण-ढण म्हणत होतो, मला पत्ताही नव्हता.

त्याने एक चांगली चूक दाखवली. मी बाजूला सरकायचं बटण फार वापरतो. डार्क सोल्समध्ये कोलांटीत काही क्षण वार लागतच नाही, ती सवय. इथे बाजूला सरकण्यावर तेवढा भरवसा ठेवता येत नाही, शत्रूचा वार वळून मागे येतो. मिकिरी, पकड आणि बाजूला जाऊन एखादा वार एवढ्यापुरतंच ते बटण. तासभर त्याने माझा अंगठा त्या बटणावर गेला की टकल्यावर टपली मारली. मृत्यू: ९. दुसरा ठिपका दोनदा जाता जाता राहिला.

८ जुलै, मंगळवार

दोन ठिपके गेल्यावर गेनिचिरो पडतो आणि पुन्हा उठतो, चिलखताविना, विजेसह. तिसऱ्या टप्प्याची भाच्याने मला आधी कल्पना दिली नव्हती. फोन करून शिव्या दिल्या. तो हसत होता.

वीज मात्र दिसते त्यापेक्षा सोपी. जमिनीवर असताना लागली तर संपलं. उडी मारायची, हवेतच ती अंगावर घ्यायची, आणि पाय टेकायच्या आत आर-वन. वीज त्याच्याकडे परत जाते आणि तो थरथरत उभा राहतो. पाय टेकायच्या आत, एवढंच कठीण. मृत्यू: १२, त्यातले पाच विजेचे.

१० जुलै, गुरुवार

इचिमोंजी शिकलो. टेंगू नावाचा लांब नाकाचा मुखवटावाला योद्धा आहे, त्याने सांगितलेले 'उंदीर' म्हणजे गवती टोप्यांचे बुटके मारेकरी मारले की तो अशिना शैलीचा ग्रंथ देतो. तिथलं पहिलं कौशल्य. दोन्ही हातांनी डोक्यावरून एकच जड वार, संथ, आणि तो करताना आपला स्वतःचा तोल थोडा सावरतो. गेनिचिरोचा झपाटा संपला की तिथे बरोबर मावतो. सारखा वापरायला गेलो तर मधेच कापला गेलो. एका फेरीत एकदा.

१२ जुलै, शनिवार

गेला.

एकूण सहासष्टावा प्रयत्न. पहिला टप्पा एकही भोपळा न पिता. दुसऱ्यात झपाटा तीनदा आला, तीनही वेळा सगळे वार खणखणीत, शेवटच्या तिरक्या ढणसकट. तिसऱ्यात एक वीज लागली, एक परतवली. शेवटचा घाव मिकिरीनंतरचा. त्याने भोसकलं, मी पाय ठेवला, पट्टी फुटली.

हात इतके थरथरत होते की पुढचा संवाद चालू असताना कंट्रोलर मांडीवर पडला. संध्याकाळी सरावाला गेलो तर टिपरू नीट धरता येईना.

१९ जुलै, शनिवार

भाचा आला. मी वही पुढे केली. त्याने पानं उलटली, ढण-ढण वाचून हसला, आणि म्हणाला, "मी हे सगळं आवाज बंद करून खेळलो होतो. कानात गाणी असायची."

विश्वास बसेना. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या मोफत अपडेटमुळे हरवलेल्या मोठ्या सरदारांशी खेळातल्या मुक्कामाच्या मूर्तीपाशी जाऊन पुन्हा लढता येतं, ते चालू केलं, टीव्ही म्यूट केला, कंट्रोलर त्याच्या हातात. दुसऱ्या प्रयत्नात त्याने गेनिचिरो पाडला. विचारलं, बघतोस कुठे? म्हणाला, "खांद्याकडे. वार खांद्यातून निघतो." अठ्ठावीस जूनला हे कळलं असतं तर बरं झालं असतं असं वाटलं, मग म्यूटवर मीही बसलो. चाळीस सेकंद टिकलो. खांदा मला दिसतच नाही.

तर वही माझ्यापुरती. पुढचं पान उघडलंय: खोल दरीतला राक्षसी वानर, मानेत तलवार रुतलेली. लोळतो, किंचाळतो, घाण फेकून मारतो, मनात आलं की अंगावर पडतो. दोन तास आवाज मोठा करून ऐकलं. माकडाला ठेका नाही.

मृत्यू: १७.